किल्ल्यातली चिमूटभर माती

कंपनीनं आमच्या ह्यांना कामासाठी जपानला पाठवल्तं, म्हणून मी अन् आमचं तान्हं लेकरू बी बदनापूरहून तिकडं गेल्तो. सुट्टीच्या दिवशी हे म्हणले, चल, इथला जुना किल्ला पाहू. मला वाटलं आपल्या देवगिरीवानी दगडी असंल, तर आतून सगळा लाकडाचा, जिने असे उभे की माळ्यावरची शिडी बरी, चपला दारातच काढायच्या, लाकूड गुळगुळीत, पायात मोजे, लेकरू छातीला बांधेल, एका हातानं कठडा अन् दुसऱ्यानं लेकराचं डोकं धरून मी मारुतीचं नाव घेत वर गेले.

वर काचंत लढाईचा लोखंडी पोशाख बसवेल व्हता. काळं तोंड, पांढऱ्या मिशा, आत माणूसच न्हाई. लेकरानं पाह्यलं अन् टाहो फोडला. खाली आलो तरी थांबंना, पाजायला घेतलं तर तोंड फिरवी. मी घाबरून सासूबाईला फोन लावला.

"भ्यालंय ते. जिथं भ्यालं तिथली माती लेकरावरून उतर अन् फेकून दे."

"आत्याबाई, वर लाकूडच हाये, माती न्हाई."

"मंग किल्ला काय हवेत बांधलाय का? खालची घे!"

खाली निस्ती बारीक खडी. मी बसून खडी सारू लागले.

"ऊठ, कॅमेरे हायेत," हे म्हणले. "नोकरी घालवती का माझी?"

तेवढ्यात टोपीवाला म्हातारा पहारेकरी आला. मला वाटलं, आता जेल, अन् लेकरू उपाशी. त्यानं वाकून काहीतरी इचारलं. ह्यांना तिथली भाषा येत न्हाई, ह्यांनी जल्दी जल्दी माझ्या कानाकडं बोट केलं, म्हणजे कानातलं पडलं. दोन्ही कानातले कानातच व्हते, मी गपचूप डोक्यावरून ओढणी घेतली.

म्हातारा गुडघ्यावर बसला अन् एकेक खडा उचलून पाहू लागला. मंग हे बी बसले. तिघंबी न पडलेलं कानातलं हुडकून राह्यलो. खडीखाली मला माती लागली. चिमूटभर मुठीत घेतली अन् तिथंच लेकरावरून उतरवली. माझी मिटेल मूठ पाहून म्हाताऱ्याला वाटलं, सापडलं. खुश होऊन त्यानं टाळी वाजवली अन् वाकला. हे बी वाकले. तो परत वाकला, हे परत वाकले. लेकरू टकामका पाहत राह्यलं, मंग माझं कुडतं ओढू लागलं.

बाकावर बसून पाजलं. गटागटा प्यालं. म्हातारा लांब उभा राहून हसत व्हता, म्हणून मला मूठ काही उघडता आली न्हाई.