उशीर झाल्यास माझी गादी

माझा मामा गाद्या भरायचा, आणि त्याच्या चौपट वेळ दुकानाच्या खिडकीतून ढग बघायचा. पुढ्यात पिंजलेला कापूस, वर तसंच पांढरं आभाळ. मधेच कुठेतरी त्याची तंद्री लागायची. काम वेळेवर होण्याच्या नावाने शंख.

गिऱ्हाइकं तुटायला लागली तेव्हा त्याने पाटी लावली : ‘उशीर झाल्यास तुमची गादी होईपर्यंत माझी गादी तुमच्या घरी.’ स्वतःलाच धाक बसेल, हात चालेल, असा बिचाऱ्याचा हिशोब. झालं भलतंच. मामाची गादी अशी, की पाठ टेकली की माणूस गार. ही बातमी पसरल्यावर लोक मुद्दाम गप्पांना येऊन बसू लागले. “सावकाश होऊ द्या, घाई नाही.” मामाला वाटायचं, किती जीव लावतात माणसं!

“जीव तुमच्यावर नाही, गादीवर आहे,” मामी म्हणायची. शब्द द्यायचा मामाने आणि फरशीवर झोपायचं दोघांनी.

मग मामी आजारी पडली. अंग इतकं ठणकायचं, की त्या एका गादीवरच जरा डोळा लागायचा. नेमकं तेव्हाच समोरच्या घड्याळवाल्यांचं काम राहिलं. संध्याकाळी ते दारात हजर.

“पैसे परत घ्या,” मामा म्हणाला. “वर नवी गादी फुकट देतो.”

“पाटीवर तसं लिहिलेलं नाही.”

मामी भिंतीला धरून बाहेर आली. “न्या, भाऊजी. यांचा शब्द मोडायला नको.”

मला घड्याळवाल्यांचा संताप आला, आणि मामाचा त्याहून जास्त.

गादी गेली. घड्याळवाल्यांचा कापूस दुकानात ढीगभर पिंजून पडला होता. मामाने त्यावर चादर अंथरली, मामीला हलकेच निजवलं. ती त्यात अर्धी बुडाली आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपली. सकाळ झाली, उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहिले, तिच्या केसांवर उतरले. मामा दाभण हातात धरून नुसता तिच्याकडे बघत होता. मलाही पेंग येत होती.

दुपारी घड्याळवाले आले. “तुमची गादी झकास आहे हो, पण मला माझीच हवी. आज नक्की म्हणाला होतात.”

“आज नाही भरणार.”

“का?”

“त्यावर माणूस झोपलंय.”

“अहो, पण तुमचा शब्द?”

“मोडला,” मामा म्हणाला. “आणि हळू बोला.”