मदरबोर्डचं कपाळ

त्या महिन्यात आमच्या घरात दोनच विषय होते, प्रोसेसर आणि मदरबोर्ड. भाजीत मीठ जास्त पडलं की नवरा विचारायचा, आज कुठल्या बोर्डाचा विचार चालला होता? तो लग्नांचं शूटिंग करतो, मी एडिटिंग. जुन्या कॉम्प्युटरवर चार कॅमेऱ्यांचं चित्रण एकदम लावलं की तो अडखळायचा. नवरी अंतरपाटापाशी पोचेपर्यंत माझा चहा निवलेला असायचा. मोठी कामं मग पुण्याला पाठवावी लागत, आणि तिथून आलेल्या फिल्ममध्ये नवरीची सख्खी आत्या गायब आणि भलतंच कुणीतरी मिनिटभर मिरवतंय. माझं डोकं फिरायचं. म्हणून दुधनीच्या एका लग्नाचं सगळं काम मी हट्टानं स्वतःकडे घेतलं. नागपंचमीला त्यांची लेक माहेरी येईल तेव्हा फिल्म तयार असेल, असा शब्दही देऊन बसले.

मग नव्या कॉम्प्युटरच्या भागांची निवड सुरू झाली. नवऱ्याचं म्हणणं, प्रोसेसर सगळ्यात मोठा घेऊ, बोर्ड कुठलाही चालेल. मी म्हटलं, मुळीच नाही. प्रोसेसर आमच्या कॅमेऱ्याच्या फायली सहज उलगडणारा हवा, मग तो एक पायरी लहान असला तरी बिघडत नाही. बोर्ड मात्र दणकट पाहिजे. फिल्म तासन्‌तास एक्स्पोर्ट होत असते तेव्हा प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग तापतो. त्याच्यावर धातूचं जाड आवरण हवंच, कारण सोलापूरचा उन्हाळा कुणाची गय करत नाही. शिवाय पुढे रॅम आणि डिस्क वाढवायला जागा हवी. दुकानदारानं रंगीत दिव्यांचा एक बोर्ड पुढं केला तेव्हा नवरा विरघळला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेवटी माझ्याच मनातली जोडी घेतली. खोकी मांडीवर धरून स्कूटरवर मागे बसले होते आणि सात रस्त्याच्या सिग्नलला उगाचच हसत होते.

घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावल्याशिवाय ती वापरायची नाही. ही रीत सासूबाईंची, त्या दुधनीजवळच्या मैंदर्गीच्या, कन्नड बोलणाऱ्या भागातल्या. पण सासरे गेल्यापासून त्यांनी स्वतः कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. कॅमेरा आला, स्कूटर आली, दोन्ही वेळा त्या लांब उभ्या राहून मला सूचना देत राहिल्या. मला ते कधीच पटलं नाही. या वेळी मी करंडा त्यांच्याच हातात दिला आणि सांगितलं, हे माझं मशीन आहे, तुम्ही लावल्याशिवाय मी सुरू करणार नाही. बरेच आढेवेढे घेऊन त्या पाटावर बसल्या.

मला तर कधी एकदा सगळं दाखवते असं झालेलं. मी बोर्ड समोर मांडला, प्रोसेसर बसवायच्या जागेवरचं झाकणसुद्धा काढलं.

"ह्यात मेंदू कुटं बसतोय गं?" त्यांनी विचारलं.

"इथं," मी बोट दाखवलं.

"मग ह्येच की कपाळ," म्हणत त्यांनी चिमूटभर कुंकू नेमकं तिथंच सोडलं.

केसाएवढ्या नाजूक पिनांची ती जागा. तिला आम्ही बोटसुद्धा लावत नाही. ती लालभडक झाली. एक पिन वाकली तरी बोर्ड कामातून गेला, आणि दुकानदार तो बदलून देणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमचे चेहरे बघून सासूबाई उठल्या.

"मी हात लावायलाच नको हुता," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मला चिंता बोर्डाची नव्हती. बोर्ड दुसरा आणता आला असता. हा बंद पडला असता तर या बाईनं करंड्याकडे पुन्हा पाहिलंही नसतं.

नशिबानं कुंकू कोरडं होतं. मी बोर्ड पालथा धरला, लेन्स साफ करायच्या रबरी फुग्यानं हवा मारली, मोबाइलच्या उजेडात ओळ न्‌ ओळ तपासली, परत हवा मारली. पिना सरळ होत्या. प्रोसेसर बसवला, बाकीची जोडणी केली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. बराच वेळ काळाच राहिला. मग एकदम अक्षरं उमटली, आणि मी अशी काही ओरडले की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

संध्याकाळी दुधनीच्या लग्नातल्या हळदीचं चित्रण लावलं. चारही कॅमेरे एकदम, कुठेही अडखळणं नाही. नागपंचमीची काळजी मिटली. मी सासूबाईंना हाताला धरून खुर्चीवर आणून बसवलं. पडद्यावर बायका कन्नड गाणी म्हणत होत्या. थोड्या वेळानं सासूबाईंचेही ओठ हलू लागले.

मी करंडा पुन्हा पुढं केला.

"आता बाहेरून लावा," म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं, आणि तेच बोट माझ्या कपाळावर टेकवलं.