चुकून घेतलेल्या जाऊबाई

आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबर अमेरिका चालू असते. माझा मुलगा मोबाईलवर तिथलं बास्केटबॉल बघतो आणि बापाशी वाद घालतो, की नवे खेळाडू निवडताना कोणत्या संघानं सोनं उचललं आणि कोणी माती खाल्ली. पहिल्या नंबरावर घेतलेला गडी फुसका निघाला, की लोक त्याला जन्मभर सोडत नाहीत म्हणे. मी भाकरी थापताना म्हणते, बाळा, राहू दे तुझी अमेरिका. जगातली सगळ्यात वाईट आणि सगळ्यात भारी निवड बीडात झाली, एकाच दमात झाली, आणि तुझ्या आईनं केली.

झालं असं, की आमच्या जुन्या सरांनी बायकांची बास्केटबॉलची स्पर्धा काढली. शाळा-कॉलेजात खेळलेल्यांनी तर यायचंच, पण हौस असेल तर कुणीही नाव द्या. कर्णधारांनी पाळीपाळीनं खेळाडू निवडायच्या. सर माइकवर म्हणाले, आधी ड्राफ्ट होईल. मागून एकीनं विचारलं, कोणत्या बँकेचा काढायचा? त्यानंतर सर दिवसभर त्याला वाटणी म्हणत होते.

पहिली पाळी माझी. मला हवी होती माझी वर्गमैत्रीण. ती कुठूनही चेंडू फेकायची आणि तो रिंगमध्येच पडायचा. दुसरी कर्णधार शाळेपासून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटत आलेली, तिला एकदा तरी हरवायचंच होतं. आता मैत्रीण पडली चौसाळ्याची सून. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, आणि त्या घराची हौस अशी की दोन्ही सुनांची नावं यमकात. मी त्या लग्नात जिलेब्या हाणण्यात गुंग होते, कोणतं नाव कुणाचं ते कुठलं ध्यानात राहायला. सरांनी नावं वाचली तशी मी त्यातलं एक ठणकावून घेतलं, आणि उभी राहिली मैत्रिणीची मोठी जाऊ!

ती बिचारी नुसती सोबतीला आलेली. धाकटीनं गंमत म्हणून तिचंही नाव दिलेलं. लगेच दुसऱ्या पाळीला माझ्या मैत्रिणीला त्या मिरीवालीनं उचललं. माझं डोकं असं फिरलं म्हणता! सर हळूच म्हणाले, संध्याकाळपर्यंत अदलाबदल चालेल. मी तावातावानं जाऊबाईंकडे निघाले, तर त्या पदर खोचून फोनवर घरी सांगत होत्या, "आवो, सगळ्यात आदी मला घेतलं. मला!" नारायणगडाला नारळसुद्धा बोलून मोकळ्या झाल्या होत्या. आता कोणत्या तोंडानं बदलणार? चौसाळ्याला सांगून झालं होतं, तिथं त्यांचं हसं झालं असतं. मी सरांना म्हटलं, असू द्या.

मग सरावाचा तमाशा. जाऊबाई एसटीनं यायच्या, दिराचे बूट घालायच्या आणि चेंडू हातात आला की पोटाशी धरून पळत सुटायच्या. टप्पा टाका, टप्पा टाका, ओरडून माझा घसा बसला. मी लई बोलले त्यांना. त्या हसायच्या आणि खेळ संपला की पिशवीतून धपाटे काढायच्या. रागावलेल्या माणसाला त्यांचे धपाटे खाता येत नाहीत, आधी राग सोडावा लागतो. तिकडे मिरीवाली गावभर सांगत सुटली, हिनं पहिला नंबर पाण्यात घातला.

शेवटचा सामना तिच्याशीच पडला. बरोबरीत आलो, वेळ संपत आलेली, आणि चेंडू माझ्या मैत्रिणीच्या हातात. ती सुसाट निघाली. माझ्या दोघींना चकवून रिंगखाली पोचली, तर पुढ्यात जाऊबाई. थोरल्या जावेला धक्का कसा मारायचा? मैत्रीण जागीच थबकली. जाऊबाईंनी हात पुढे केला आणि घरात परात मागावी तशा म्हणाल्या, "आण इकडं."

आणि तिनं दिला! इतक्या वर्षांची सवय, थोरलीनं हात केला की हातातलं द्यायचं. देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं, तोवर जाऊबाईंनी चेंडू माझ्याकडे भिरकावला होता. मी पळाले, टाकला, पडला. शिट्टी वाजली. शिट्टी वाजवणारे सर हसून हसून खालीच बसले. मैत्रीण दोन्ही हातांनी कपाळ बडवत होती आणि तीही हसत होती. मी जाऊबाईंना मिठी मारून रडले, खोटं कशाला सांगू.

रसवंतीवर बसलो तेव्हा त्या माझ्या कानाशी वाकल्या. म्हणाल्या, "तू चुकून घेतलंतं मला. मी उभी ऱ्हायले तवाच तुझं तोंड बघितलं. वाटलं, आता बदलतीया. पर तू बदललं न्हाईस." मी रसाचा दुसरा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

यंदा परत पहिली पाळी माझ्याकडे आली. माझी मैत्रीण समोरच बसलेली, नाव आता पाठ. सरांनी नावं वाचायच्या आत मी बोलले. जाऊबाई उठल्या आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "परत चुकलीस व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं.