तिकिटावरचा अर्धा शिक्का

आमच्या गल्लीतली पोरं पोस्टाची तिकिटं जमवत. वाघ, विमान, आगगाडी यांना भाव होता. बाईचं चित्र असलेलं तिकीट कुणालाच नको असायचं. एका वाघाला तीन बायका, असा आमच्या गल्लीपुरता दर होता. माझी थोरली बहीण, अक्का, म्हणाली, "मग तू बायकाच जमव की. कुणी भांडायला यायचं न्हाय." तेव्हापासून पदर घेतलेली राणी, वीणा घेतलेली संत, दिवा धरलेली परदेशी नर्स अशा बायका माझ्या वहीत नांदायला आल्या.

मॅट्रिक झाल्यावर अक्का दुसऱ्या जातीच्या एका मास्तरांशी लग्न करून सोलापूर सोडून गेली. आप्पांनी चादरीच्या दुकानातून येऊन एवढंच सांगितलं, की तिचं नाव या घरात निघायचं नाही. तरी तिची पत्रं येत, भर दुपारी, आप्पा दुकानात असताना. पाकिटावर दरवेळी एखादी बाई, माझ्यासाठी शोधून लावलेली. पत्ता मात्र ती लिहीत नसे. आप्पा चार माणसं घेऊन दारात येतील ही तिला धास्ती.

अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, वाचता येत नव्हतं. मी वाचायची, ती पदरानं नाक पुसत ऐकायची, आणि मग पत्र, पाकीट सगळं चुलीत जायचं. त्याआधी मी तिकीट तेवढं कापून घ्यायची, अगदी कडेकडेनं. वाटीत भिजवायचं, मागचा कागद सुटला की पुस्तकात दाबून वाळवायचं. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असा मला गर्व होता.

दीडेक वर्षानं, संक्रांत जवळ आली तेव्हा, आप्पा ताटाकडं बघत म्हणाले, "तिला लिवा. गड्ड्याच्या जत्रंला या म्हणावं, दोघंबी."

अव्वाचा हात भाकरीवरच थांबला. "पत्ता कुटं हाय?"

"पत्रं येत्यात न्हवं? पाकिटावर शिक्का असतोय की गावाचा."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी वही आणली. पोस्टाचा शिक्का अर्धा तिकिटावर पडतो आणि अर्धा पाकिटावर, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. अक्काच्या पाकिटांवरची पाच तिकिटं होती. चारांवर नुसती फासलेली शाई. नर्सच्या खांद्यावर तेवढी दोन अक्षरं लागत होती, 'पूर'. त्याच्या आधीचं सगळं आमच्या चुलीत गेलेलं.

आप्पांनी चष्मा पुसून पुसून बघितलं. "कोल्हापूर, नागपूर, विजापूर," ते म्हणाले. "आपलंबी सोलापूरच की." मला एक थप्पड बसली असती तर फार बरं झालं असतं. पण कुणी रागावलंच नाही.

मग आम्ही पुढच्या पत्राची वाट बघितली. जत्रा आली, उठली, पत्र आलं नाही. का आलं नाही, ते मला आजही माहीत नाही. उत्तर न येणारी पत्रं लिहून ती दमली असेल. अक्का, तू अजून एक लिहायला हवं होतंस, एवढं मी अजून मनात म्हणते आणि स्वतःवरच चिडते.

उन्हाळ्यात शेजारीण लेकीकडं नागपूरला निघाली. अव्वानं शेंगाची चटणी कुटून डबा भरला. "मास्तरांची बायको हाय, हनुवटीवर तीळ हाय. दिसली तर द्या." महिन्यानं डबा जसाच्या तसा परत आला. लई मोठं गाव हाय, शेजारीण म्हणाली. अव्वानं ती चटणी आमच्या ताटात वाढली. आप्पांनी चटणीला हात लावला नाही.

चार दिवसांनी ते दुकानातून आले, चपला काढल्या आणि अव्वाला म्हणाले, "एक गिऱ्हाईक उद्या कोल्हापूरला चाललंय. डबा भर."