हिंगाच्या डबीतली अंगठी

नातीने मेहरूण भागातल्या आमच्या घरी लॅपटॉपवर एक जुना फ्रेंच सिनेमा लावला. काळा-पांढरा. एक भुरटा चोर लोकांचे खिसे कापतो, बस्स. अर्ध्या तासात ती जांभया देऊ लागली.

"आजी, किती स्लो आहे गं!"

"चोरी सावकाशच करावी लागते," मी म्हणाले.

"तुला जसं काही माहीतच!"

मला माहीत होतं.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. उडदाचे पापड लाटायला आळीतल्या बायका जमायच्या. पीठ चिकटतं म्हणून सगळ्यांच्या अंगठ्या एका वाटीत काढून ठेवायच्या. थोरल्या जाऊबाईंच्या खड्याच्या अंगठीचं भारी कौतुक व्हायचं, ते मला सोसेना. मी ती उचलली, एका लाटीत दाबली आणि ती लाटी पदराआड केली. काय ती अक्कल! पीठ धुऊन पाहिलं तर अंगठी करंगळीतही जाईना. मग हिंगाच्या डबीत लपवली.

आळ आला पीठ कुटायला येणाऱ्या बाईवर. "मी नही लिधी वं अक्का," ती माझेच पाय धरून म्हणाली. घरात मीच तेवढी तिच्याशी गोड बोलायचे ना! मी पाय मागे घेतले. त्या दिवसापासून आळीतलं तिचं काम सुटलं.

सिनेमातला चोर शेवटी पकडला जातो. त्याचा मोकळा झालेला चेहरा बघून मला रडू आलं. नात म्हणाली, "अगं, सिनेमा आहे!"

ती पीठ कुटणारी बाई धुळ्याला लेकीकडे असते, हे मला इतकी वर्षं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी डबी घेऊन बसने गेले. वाटभर एकच वाक्य घोकलं: मी घेतली होती.

ती बाजेवर बसली होती, पार वाळलेली. मी अंगठी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती डोळ्यांजवळ नेली आणि ओळखली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच आनंदाने ओरडली, "सापडनी का वं अक्का? मी सांगं व्हतं ना, घरमाच व्हई!" लगेच आत लेकीला हाक, "ऐक वं, अक्काना घरनी मुंदी सापडनी!"

मग ती उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिली.

"हो," मी म्हणाले. "सापडली."

तिने लेकीला चहा टाकायला सांगितला. मी तो प्यायले. अंगठी तिने माझ्या हातात परत दिली, वर पदराने पुसूनही दिली. हिंगाचा वास काही गेला नव्हता.