अहो, झोपा ना!

हिंजवडीतली नोकरी सोडून मी विनोद लिहायला आणि स्वतःच माईकसमोर उभं राहून ते सांगायला लागले, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे आता लोक हसणार, हे नक्की." मग त्यांनी अट घातली. ते एकदा कार्यक्रमाला येणार. हसू आलं तर मी सुटले. नाही आलं तर मुकाट्यानं परत कंपनीची बस पकडायची. आणि बाबांना हसवणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक! स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हा माणूस पासपोर्टसाठी बसल्यासारखा दिसतो.

रविवारची संध्याकाळ, एरंडवण्यातला छोटा हॉल, आईबाबा तिसऱ्या रांगेत. मी जीव तोडून बोलत होते आणि समोरचे पुणेकर हाताची घडी घालून माझे विनोद तपासत होते. कंपनीच्या बसवरचा हुकमी विनोदही सपशेल आपटला. त्या शांततेत घोरणं ऐकू आलं. बाबा! इथे माझी रोजीरोटी पणाला लागलेली आणि परीक्षक गाढ झोपेत. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

आईला राहवलं नाही. अंधारात ती खणखणीत ओरडली, "अहो!"

आईनं जन्मात कधी बाबांना नावानं हाक मारलेली नाही. त्या हॉलमधल्या इतर बायकांनीही आपापल्या नवऱ्यांना मारलेली नसावी, कारण चारी बाजूंनी उत्तरं आली. "काय गं?" "आलो, आलो!" "मी काही केलं नाही!" एक गृहस्थ तर गाडीची किल्ली काढून उभेच राहिले. मी माईकमधून म्हटलं, "ज्यांची बायको शेजारीच आहे, त्यांनी कृपया खाली बसावं." हॉल नुसता फुटला. बाबा दचकून उठले. आईनं कानात काय झालं ते सांगितलं, आणि बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

घरी जाताना म्हणाले, "ते 'अहो' तेवढं ठेव."

ठेवलं. पण आईला खोटं खोटं ओरडता येईना. लाजून इतकं हळू म्हणायची की एकही नवरा हलेना. बाबा खरंच घोरायला लागले तरच तिचं ते 'अहो' निघायचं. मग काय, बाबा दुपारची झोप टाळून, पोटभर आमटीभात जेवून प्रत्येक कार्यक्रमाला यायला लागले आणि लेकीसाठी इमानेइतबारे झोपायला लागले.

परवा मी 'अहो' तेवढं सोडून सगळं नवीन लिहून नेलं होतं. ठरलेली जागा आली. मी थांबले. घोरणं नाही, 'अहो' नाही. तिसऱ्या रांगेतून आईचा वैतागलेला आवाज आला, "अहो, झोपा ना!"

"थांब गं जरा," बाबा म्हणाले. "तिचं ऐकू दे."

आणि मी स्वतः लिहिलेली पुढची ओळ साफ विसरले.