चिलिकेला जाऊ नका

डॉल्फिनची गोष्ट निघाली की आमच्या शेजारच्या वहिनी उजवा तळहात हवेत खाली दाबायच्या, समोर पाणी असल्यासारखं. "दुरूनच पाहा वो. मशीन बंद करा, चूप बसा. तो आपोआप येते."

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आम्ही तिथे रुआबांधा सेक्टरात, पोलाद कारखान्याच्या क्वार्टरांच्या ओळीत राहायचो. वहिनींचा नवरा कारखान्यात क्लार्क. एलटीसीवर ती दोघं पुरीला गेली, तिथून चिलिका सरोवरात. म्हाताऱ्या नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि एक डॉल्फिन नावेला लागून फुस्स करून श्वास घेऊन गेला. परतल्यावर वहिनींनी जगन्नाथाचं नावसुद्धा काढलं नाही.

हळदीकुंकू, भाजीबाजार, चक्कीवरची रांग, जिथे तिथे डॉल्फिन. असं एखादं माणूस तुमच्याही शेजारी असेल. आपण कंटाळतो आणि शेवटी तिकीट काढतो. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी काढलं.

काही वर्षांनी वहिनी पुन्हा जाऊन आल्या. आल्या त्या चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरात.

"बोटीच बोटी वं बाई! घेरून राहिले त्याईले. आपलेच भिलाईचे लोकं ओरडतेत, 'भैया, और पास लो!' एका पिल्लाची पाठ बोटीच्या पंख्यानं चिरली. माय त्याले डोक्यानं वर ढकलून राहिली होती, श्वास घे म्हणून. अन् ते तं मेलं होतं."

"त्यात तुम्ही काय करणार?" मी म्हटलं.

"मीच तं सांगतलं न सगळ्याईले!"

मग त्या दारोदार फिरल्या. अंतर ठेवा, मागं लागू नका. लोक हसायचे. "इतक्या दूर जाऊन पाठही पाहू नये का वहिनी?"

शेवटी त्या खोटं बोलू लागल्या. "जाऊ नका. काही दिसत नाही तिथं. चिखल अन् मच्छर." पण खोटं त्यांना जमत नसे. चिखल म्हणता म्हणता बोटं हवेत पाठीची कमान काढायची. समोरची बाई विचारायची, "एवढा मोठा असते का वो?" वहिनी तोंडावर पदर घेऊन घरी यायच्या.

पुढे काविळीनं गेल्या. तेरवीला ओळीतल्या सगळ्या बायका आल्या. एक जण डोळे पुसत त्यांच्या नवऱ्याला म्हणाली, "त्याईच्यामुळं आमाले डॉल्फिन पाहाले भेटला, भाऊजी. यंदा नणंदेलेही पाठवून राहिलो."

त्यांनी मान वर केली.  मग त्यांनी तिच्या पानात आणखी एक पुरी वाढली.